बर्फावरची मोटार : चालणें आणि थांबणें

महाराष्ट्रांतील माणसाला बर्फ ठाऊक असतो तो कारखान्यांतून भुसा लावून आणलेल्या लादीचा, किंवा वळवाच्या पावसाबरोबर क्षणभर अंगणांत उड्या मारून विरून जाणाऱ्या गारांचा. आकाशांतून कापसासारखें अलगद उतरणारें हिम आणि तळ्याच्या पाण्यावर कांचेसारखा धरणारा बर्फ, या दोन निराळ्या पदार्थांना आपल्या नित्याच्या बोलण्यांत एकच शब्द पुरतो. परंतु ज्या देशांत वर्षांतून चार-पांच महिने रस्ते पांढरे असतात, तेथील गाडीवानाला हा भेद जन्माचा ठाऊक असतो. भुसभुशीत हिमांत चाक रुततें. कठीण बर्फावर तें घसरतें. पहिल्या संकटांत गाडी चालत नाहीं, दुसऱ्यांत ती थांबत नाहीं. मोटारीच्या इतिहासांत या दोन संकटांवर जे उपाय निघाले ते एकाच वेळीं निघाले नाहींत, एकाच माणसाच्या डोक्यांतूनहि निघाले नाहींत. आणि पहिल्यावरचा उपाय तोच दुसऱ्यावरचाहि, अशी जी समजूत पुढें रूढ झाली, तिनें पुष्कळ शहाण्या माणसांना खड्ड्यांत घातलें आहे.

एंजिन कितीहि बलवान असो, त्याचें बळ रस्त्याला पोंचतें तें टायर जेथें जमिनीला टेकतो तेवढ्या, सुमारें तळहाताएवढ्या, चार जागांतून. साध्या मोटारींत एंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो, कांहींत मागच्या तर कांहींत पुढच्या. उरलेलीं दोन नुसतीं बरोबर चालतात. त्यांतहि आणखी एक खोड आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आंतल्यापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें, म्हणून दोन चाकांमध्यें डिफरन्शियल नांवाची दांत्यांची रचना बसवितात. एक चाक बर्फावर मोकळें फिरूं लागलें कीं, या रचनेमुळें कोरड्या जमिनीवर असलेल्या त्याच्या जोडीदाराचाहि जोर नाहींसा होतो, आणि दोन चाकांची गाडी प्रत्यक्षांत एका चाकाची होऊन बसते. देशावरच्या काळ्या मातींत रुतलेली बैलगाडी काढावयाची असली म्हणजे शहाणा गाडीवान बैलांना नुसते चाबूक मारीत बसत नाहीं; माणसें बोलावून चाकांच्या आऱ्यांना हात घालावयास लावतो. सर्व चाकांना जोर द्यावा ही कल्पना मुळांत इतकीच साधी आहे. मात्र तोच गाडीवान घाटाच्या उतारावर गाडी उभी करतांना त्या माणसांवर भिस्त ठेवीत नाहीं. तो चाकाला दगडाची उटी लावतो.

हॉलंडमधील स्पायकर बंधूंना हा भेद फार लवकर उमगला होता. हे दोघे बंधु मूळचे घोडागाड्या बांधणारे. राणी विल्हेल्मिना हिचा सोन्याचा मुलामा दिलेला प्रसिद्ध रथ त्यांच्याच कारखान्यांत १८९८ मध्यें तयार झाला. १९०३ मध्यें त्यांनीं शर्यतीसाठीं साठ अश्वशक्तींची एक मोटार बांधली. तिला सहा सिलिंडरांचें एंजिन होतें, जोर चारी चाकांना होता, आणि ब्रेकहि चारी चाकांवर चालणारे होते. त्या काळीं सर्वसाधारण मोटारीला ब्रेक असत ते फक्त मागच्या चाकांना, हें लक्षांत घेतलें म्हणजे या दुहेरी योजनेचें मोल कळतें. पण ती गाडी फार महाग आणि फार गुंतागुंतीची ठरली. तिचा वंश वाढला नाहीं. गाडी मात्र हॉलंडमधील एका संग्रहालयांत अजून शाबूत आहे.

दुसऱ्या बाजूनें, अमेरिकेंत हॅरी वीड नांवाच्या गृहस्थानें अगदींच घरगुती मार्ग काढला. चिखलांत किंवा हिमांत अडकलेले मोटारवाले चाकांना दोर गुंडाळून गाडी काढतात हें पाहून त्यानें दोराच्या जागीं लोखंडी सांखळ्या योजिल्या आणि १९०४ मध्यें त्यांचें पेटंट घेतलें. एंजिनाला हात न लावतां, चाक जेथें जमिनीला टेकतें तेथेंच उपाय करावयाचा, हा त्यांतील विचार. पुढें इतक्या युक्त्या निघाल्या तरी सांखळी अद्याप हटलेली नाहीं.

हिमाशीं मोटारीची पहिली गाजलेली झुंज दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशांत झाली. १९०८ च्या फेब्रुवारींत अर्नेस्ट शॅकलटन याच्या मंडळीनें एक अ‍ॅरोल-जॉन्स्टन मोटार अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर उतरविली. स्कॉटलंडमधील उद्योगपति विल्यम बिअर्डमोर यानें ती देणगी दिली होती. पाणी गोठून एंजिन फुटूं नये म्हणून तें हवेनें थंड होणारें होतें. बर्नर्ड डे हा तिचा सारथि. गोठलेल्या समुद्राच्या कठीण पृष्ठभागावर ही गाडी सामान ओढून नेण्यास उपयोगीं पडली, आणि घोड्यांना व माणसांना जें काम दिवस दिवस पुरलें असतें तें तिनें कांहीं तासांत उरकलें. पण भुसभुशीत हिमावर येतांच तिचा सारा रुबाब उतरला. मागचीं दोन चाकें जागच्या जागीं फिरत आणि स्वतःचीच कबर खणीत. ध्रुवाकडील शेवटच्या प्रवासांत शॅकलटन आणि त्याचे तीन सोबती प्रथम तट्टांच्या मदतीनें व मग स्वतः गाड्या ओढीत गेले. ९ जानेवारी १९०९ रोजीं ते ८८ अंश २३ कलांपर्यंत, म्हणजे ध्रुवापासून शंभर मैलांच्या आंत, पोंचून परतले. मोटार किनाऱ्याजवळच राहिली. स्कॉटनें पुढच्या मोहिमेंत चाकें सोडून पट्ट्यांवर चालणाऱ्या तीन यांत्रिक घसरगाड्या नेल्या. त्यांतील एक उतरवून घेतांनाच बर्फ फुटून समुद्रांत गेली. उरलेल्या दोहोंचीं एंजिनें थोड्याच मजलींत निकामी झालीं.

ध्रुवाच्या वाटेवर असे अनुभव येत असतां अमेरिकेच्या विस्कॉन्सिन प्रांतांतील क्लिंटनव्हिल या लहानशा गांवांत ऑटो झाकॉ व त्याचा मेहुणा विल्यम बेसरडिच हे दोघे लोहकाम करणारे कारागीर एका कूट प्रश्नाशीं झटत होते. पुढचें चाक डावीउजवीकडे वळलेंहि पाहिजे आणि त्याच वेळीं त्याला एंजिनाचा जोरहि पोंचला पाहिजे. वळणाऱ्या चाकाला फिरता दांडा जोडावयाचा कसा? १९०८ मध्यें त्यांनीं या सांध्याचें पेटंट मिळविलें, आणि लौकरच त्यांची चारी चाकांनीं ओढणारी मोटार गांवाच्या चिखलांतून व हिमांतून हिंडूं लागली. लोकांनीं तिला 'बॅटलशिप' असें नांव ठेवलें. श्रीमंत गिऱ्हाइकाला ती नको होती. ती हवीशी वाटली सैन्याला. पहिल्या महायुद्धांत त्यांच्या कारखान्याचे हजारों ट्रक फ्रान्सच्या चिखलांत राबले. फोर-व्हील ड्राइव्ह हें युद्धाचें अपत्य आहे असें म्हणतात तें या अर्थानें खरें. पण त्याचा जन्म मात्र खेड्यांतल्या लोहाराच्या भट्टीपाशीं झाला.

यानंतर १९२० च्या दशकांत एक बदल इतक्या गुपचुप झाला कीं, त्याचें महत्त्व पुष्कळांच्या ध्यानांतच आलें नाहीं. ब्रेक, जे आतांपर्यंत मागच्याच चाकांना होते, ते साध्या मोटारींच्याहि चारी चाकांना बसूं लागले. त्या घटकेपासून थांबण्याच्या बाबतींत सर्व मोटारी एका पंक्तीला आल्या. जोर दोन चाकांचा असो वा चारांचा, ब्रेक सर्वांनाच चार. चारी चाकांची गाडी बर्फावरून निघतांना आणि चढ चढतांना श्रेष्ठ ठरते. ब्रेकवर पाय पडला कीं तिचें हें श्रेष्ठत्व संपतें. उलट तिचें वजन अधिक असल्यामुळें उतारावर तिचा आवेग आवरणें जडच जातें.

बर्फावर मोटार चालविण्याचें सर्वांत कठोर आणि सर्वांत मोठें प्रकरण दोन चाकांच्या जोरावरच्या गाड्यांनीं लिहिलें, ही गोष्ट आज फार थोड्यांना स्मरते. ८ सप्टेंबर १९४१ रोजीं जर्मन सैन्यानें लेनिनग्राड शहराची जमिनीवरची शेवटची वाट तोडली. उरलें तें लाडोगा सरोवर. नोव्हेंबरांत नावा चालेनाशा झाल्या आणि बर्फ पुरता धरलेला नव्हता; मधल्या त्या दिवसांत शहराचा शिधा तळाला गेला. २० नोव्हेंबरपासून कामगारास दिवसाला २५० ग्रॅम पाव आणि कारकून, मुलें, म्हातारीं माणसें यांना १२५ ग्रॅम असा वाटा ठरला. म्हणजे पावाचे दोन पातळ काप, आणि त्या पावांतहि निव्वळ पीठ नव्हे. त्याच सुमारास घोड्यांच्या घसरगाड्या सरोवरावरून गेल्या. २२ नोव्हेंबरला ट्रकांची पहिली रांग सुमारें तीस किलोमीटरांचा तो बर्फ ओलांडण्यास निघाली.

हे ट्रक गॉर्की येथील कारखान्यांत अमेरिकन फोर्डच्या नमुन्यावर बनलेले, दीड टन ओझें वाहणारे. रशियन लोक त्यांना लाडानें 'पोलुतोर्का', म्हणजे 'दीडकी' म्हणत. जोर फक्त मागच्या चाकांना. पण सरोवरावर ना चढ होता ना उतार, आणि खरें भय घसरण्याचें नव्हतेंच. तें होतें बुडण्याचें. अशा ठिकाणीं गाडीचा हलकेपणा हाच मोठा गुण. आरंभीं ट्रकांत पुरें ओझें न भरतां थोडीं पोतीं ठेवीत आणि बाकीचीं मागें बांधलेल्या घसरगाडीवर टाकीत, म्हणजे वजन एका जागीं न पडतां पसरे. दोन ट्रकांमध्यें अंतर राखीत. बर्फ फुटलाच तर उडी मारतां यावी म्हणून ड्रायव्हर तशा गोठवणाऱ्या थंडींत दार उघडें ठेवून गाडी हांकीत. तरीहि शेंकडों ट्रक तळाला गेले.

त्यांत एक चमत्कार दिसूं लागला. ज्या जागेवरून भारी ट्रक सुखरूप गेला, त्याच जागीं मागून आलेला हलका ट्रक बुडे. लेनिनग्राडच्या भौतिकशास्त्र संस्थेंतील कोबेको, राइनोव्ह इत्यादि शास्त्रज्ञांनीं उपाशी पोटीं सरोवरावर जाऊन बर्फाचीं कंपनें टिपणारें यंत्र बसविलें, तेव्हां उलगडा झाला. चालता ट्रक बर्फाखालच्या पाण्यांत लाट उठवितो. ट्रकाचा वेग आणि लाटेचा वेग एक झाला म्हणजे बर्फ हिंदकळत हिंदकळत शेवटीं फुटतो, मग ओझें थोडें कां असेना. यावरून कोणत्या वेगानें हांकावें, किती अंतर ठेवावें आणि एकमेकांना ओलांडावें कीं नाहीं याचे नियम बांधले गेले. २४ एप्रिल १९४२ पर्यंत, शेवटीं शेवटीं तर चाकें पाण्यांतून ओढीत, ही वाहतूक चालली. त्या एका हिंवाळ्यांत साडेतीन लाखांवर टन माल शहराकडे आला आणि साडेपांच लाखांवर माणसें बाहेर काढलीं गेलीं. भुकेनें लाखों मेले हें खरेंच. जीं जगलीं त्यांच्या ताटांतला घास या दीडक्यांनीं आणला होता.

त्याच काळांत अमेरिकेंत जीप जन्मास आली. १९४० च्या सप्टेंबरांत बॅंटम या लहान कंपनीनें पहिला नमुना सैन्याच्या हवालीं केला. पुढें विलिस व फोर्ड या कंपन्यांनीं मिळून सहा लाखांवर जीपा बांधल्या. साध्या रस्त्यावर मागच्या दोन चाकांनीं चालावें आणि वाट बिकट झाली म्हणजे एक दांडा ओढून पुढचीं दोन जोडून घ्यावीं, अशी तिची सोय. युद्ध संपल्यावर महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलिस जीपची जोडणी सुरू केली, आणि मामलेदार-इंजिनियरांपासून जंगलखात्यापर्यंत सर्वांच्या तोंडीं 'जीप कोठेंहि जाते' हें वाक्य बसलें. वाक्य खोटें नव्हे. पण कोठेंहि जाणारी गाडी कोठेंहि उभी राहूं शकते असें त्यांत कोणीं म्हटलेलें नाहीं. ऐकणाऱ्यांनीं तें पदरचें घातलें.

युरोपांत मात्र शांततेच्या काळांत बर्फावरची कीर्ति कित्येक वर्षें साध्या, किंबहुना क्षुल्लक वाटणाऱ्या, मोटारींनीं मिळविली. मॉन्टे कार्लो येथील रॅली १९११ पासून भर जानेवारींत भरत आली आहे. १९६२ व १९६३ या दोन्ही वर्षीं ती स्वीडनच्या एरिक कार्लसननें चिमुकल्या साब गाडींतून जिंकली. १९६४ मध्यें पॅडी हॉपकर्क, १९६५ मध्यें तिमो मॅकिनेन आणि १९६७ मध्यें राउनो आल्तोनेन यांनीं ती खेळण्यासारख्या दिसणाऱ्या मिनी कूपरमधून जिंकली. त्यांपैकीं १९६५ चें वर्ष तर आल्प्समधील हिमवादळाचें. या दोन्ही गाड्यांत जोर पुढच्या चाकांना, आणि एंजिनाचें वजनहि त्यांच्याच माथ्यावर. जें चाक ओढतें त्याच्यावरच भार असला म्हणजे तें जमीन घट्ट धरतें. त्याला खिळे ठोकलेल्या टायरची आणि फिनलंड-स्वीडनमधल्या ड्रायव्हरांच्या जन्मजात सरावाची जोड मिळाली. मोठ्या एंजिनांच्या गाड्या मागें पडल्या.

चारी चाकांचा जोर नित्याच्या मोटारींत आणण्याचा ध्यास अल्स्टरच्या हॅरी फर्ग्युसननें घेतला होता. हा तोच ट्रॅक्टरवाला फर्ग्युसन. त्याच्या नांवाचे तीन ट्रॅक्टर पट्टे चढवून एडमंड हिलरीनें ४ जानेवारी १९५८ रोजीं दक्षिण ध्रुवावर नेले, आणि शॅकलटनची मोटार जेथें हरली त्या हिमावर यंत्राची पत राखली. १९६० मध्यें फर्ग्युसन वारला. त्याच्या पद्धतीची जेन्सन एफ-एफ ही मोटार १९६६ मध्यें निघाली, तेव्हां तिच्यांत चारी चाकांच्या जोराखेरीज दुसरीहि एक वस्तु मुद्दाम बसविलेली होती : विमानांच्या चाकांसाठीं डनलॉपनें काढलेली, ब्रेक दाबतांना चाक आवळून घसरूं न देणारी यंत्रणा. चालण्याची सोय वेगळी आणि थांबण्याची वेगळी, हें त्या कारागिरांना स्पष्ट दिसत होतें. गाड्या बनल्या अवघ्या ३२०.

तें काम पुढें नेलें जर्मनीच्या आउडी कंपनीनें. १९७६-७७ च्या हिंवाळ्यांत तिचे इंजिनियर फिनलंडमध्यें नव्या गाड्यांची परीक्षा घेत असतां, सैन्यासाठीं बांधलेली ७५ अश्वशक्तींची इल्टिस ही ओबडधोबड जीपवजा गाडी कितीतरी बलवान मोटारींना हिमावर सहज मागें टाकीत असलेली त्यांनीं पाहिली. यॉर्ग बेन्सिंगरनें ही गोष्ट आपला वरिष्ठ फर्डिनांड पीएख याच्या कानीं घातली. पीएख हा फर्डिनांड पोर्शेचा दौहित्र. आणि या आजोबानें १९०० मध्येंच चारी चाकांत विजेच्या मोटरी बसविलेली गाडी बांधली होती. १९७८ च्या जानेवारींत ऑस्ट्रियांतील टुराखर ह्योहे या घाटाचा २३ टक्के चढ त्यांच्या नमुनागाडीनें हिमांतून चढून दाखविला, तोहि सांखळ्यांवांचून आणि उन्हाळी टायरांवर. मार्च १९८० मध्यें जिनीव्हाच्या प्रदर्शनांत 'क्वात्रो' प्रगट झाली.

१९८१ च्या मॉन्टे कार्लोमध्यें हान्नू मिक्कोलानें क्वात्रो अशी पिटाळली कीं, आरंभींच्या टप्प्यांतच तो बाकीच्यांच्या पुढें कित्येक मिनिटें गेला. आणि मग अपघात होऊन मागें पडला. रॅली जिंकली झां रान्योत्तीनें, मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या रेनॉमधून. पुढच्याच महिन्यांत स्वीडनच्या हिमावर मिक्कोलानें भरपाई करून घेतली, आणि त्या वर्षीं मिशेल मूतों हिनें इटलींतील सान रेमोची रॅली क्वात्रोंतून जिंकली. जागतिक स्पर्धेंतील रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री. तरीहि १९८२ सालीं आल्प्समध्यें हिम थोडें पडलें आणि मॉन्टे कार्लो जिंकली वाल्टर रोर्लनें, मागच्या चाकांच्या ओपेलमधून. १९८४ मध्यें पुष्कळ हिम होतें. त्या वर्षीं तोच रोर्ल क्वात्रोंत बसला होता, आणि पहिल्या तिन्ही जागा क्वात्रोंनींच घेतल्या. याहून स्वच्छ प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेंतहि करतां येणार नाहीं.

पण रॅलींतला ड्रायव्हर थांबण्याची विद्या शिकून आलेला असतो. बाजारांतून गाडी घेणारा तसा नसतो. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार ब्रेक दाबल्यापासून कोरड्या डांबरी रस्त्यावर सुमारें १४ मीटरांत उभी राहते. दाबून घट्ट झालेल्या हिमावर तिला सुमारें ४० मीटर लागतात आणि गुळगुळीत बर्फावर शंभराच्या घरांत. या हिशेबांत एंजिनाचा जोर किती चाकांना आहे हें कोठेंच येत नाहीं. येतो तो फक्त टायर आणि बर्फ यांमधील घर्षणाचा अंक. त्यांतहि शून्य अंशाजवळचा, वर पाण्याचा पातळ थर सुटलेला बर्फ हा कडाक्याच्या थंडींतल्या बर्फापेक्षां जास्त निसरडा, म्हणून ऊन पडलें म्हणजे नवख्याला वाटतें तशी वाट सोपी होत नाहीं.

हा घर्षणाचा अंक वाढविण्याचा उद्योग फिनलंडमध्यें १९३४ मध्येंच सुरू झाला होता. तेथील रबराच्या कारखान्यानें त्या वर्षीं ट्रकांसाठीं पहिला हिंवाळी टायर काढला आणि १९३६ मध्यें मोटारींसाठीं 'हक्कापेलीता'. साधें रबर थंडींत ताठरतें. हिंवाळी टायरचें रबर मऊ राहतें आणि त्यावरच्या बारीक चिरा हिमाला धरतात. स्वीडननें १९९९ मध्यें बर्फाच्या दिवसांत असे टायर सक्तीचे केले. तो कायदा करतांना गाडीचा जोर दोन चाकांना आहे कीं चारांना, असा भेद सरकारनें केला नाहीं.

हा प्रश्न महाराष्ट्रांतील घरांना अलीकडे प्रत्यक्षच शिवूं लागला आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं रोहतांगखालचा नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला, आणि जो प्रदेश हिंवाळ्यांत महिनेच्या महिने बंद असे तेथें पुण्या-मुंबईचीं कुटुंबें डिसेंबरच्या सुटींत हिम पाहावयास जाऊं लागलीं. हिम पडलें म्हणजे मनालीच्या वर पोलीस साध्या मोटारी अडवितात आणि फोर बाय फोर किंवा सांखळ्या लावलेल्या गाड्याच पुढें सोडतात. जाण्यापुरता हा नियम रास्त आहे. सायंकाळीं परततांना मात्र दिवसभर चाकांखालीं दाबलेलें हिम पुन्हां गोठून रस्त्याचा आरसा झालेला असतो आणि वाट सारी उताराची. मनालीचे जुने टॅक्सीवाले अशा वेळीं, गाडी फोर बाय फोर असली तरी, कडेला थांबून सांखळ्या चढवितात, पहिला गिअर टाकतात, आणि ब्रेकला होतां होईल तों पाय न लावतां पायीं चालणाऱ्या माणसाच्या गतीनें खालीं उतरतात.